रुमाल (शब्द)

रुमाल हे मराठीतील पुल्लिंगी नाम असून ते मूळ फारसी भाषेतून आले आहे. आजच्या प्रमाण मराठीत या शब्दाने प्रथम बोध होतो तो खिशात बाळगण्याच्या, हात-तोंड पुसण्याच्या लहान चौकोनी कापडाचा. परंतु हा या शब्दाचा एकमेव अर्थ नव्हे. मराठवाड्याच्या, विशेषतः बीड जिल्ह्याच्या बोलीत तो पहिला अर्थही नव्हता. तेथे रुमाल म्हणजे पुरुषांनी डोक्याला बांधावयाचे वस्त्र. याखेरीज जुनी कागदपत्रे बांधून ठेवण्याचे कापड व त्या कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, ताट किंवा पाटावर घालण्याचे विणलेले आच्छादन, चौरस शाल असेही अर्थ या शब्दाला आहेत. फारसीत हा शब्द वस्तूचे काम सांगतो. मराठीत आल्यावर तो मुख्यतः वस्तूचा आकार सांगू लागला. हा बदल लक्षात घेतला म्हणजे परस्परांपासून दूर वाटणारे हे सर्व अर्थ एका सूत्रात येतात.

व्युत्पत्ती

रुमाल हा शब्द फारसीतील ‘रू’ आणि ‘माल’ या दोन घटकांचा समास आहे. ‘रू’ म्हणजे चेहरा, तोंड. ‘माल’ हे ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, पुसणे या क्रियापदाचे समासात येणारे रूप आहे. त्यामुळे ‘रूमाल’ याचा शब्दशः अर्थ ‘तोंड पुसणारे’, म्हणजे तोंड पुसण्याचे कापड असा होतो. यातील ‘माल’चा मराठीतील वस्तू किंवा विक्रीचा जिन्नस या अर्थाच्या ‘माल’ शब्दाशी संबंध नाही. तो ‘माल’ अरबी असून त्याचा मूळ अर्थ संपत्ती असा आहे.

रुमाल शब्दाचे दोन्ही घटक मराठीला इतर शब्दांतूनही परिचित आहेत. ‘रू’ हा घटक ‘अब्रू’ या शब्दात आहे. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, तेज; ‘आबरू’ म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, आणि त्यावरून प्रतिष्ठा. ‘समोरासमोर’ या अर्थाच्या ‘रूबरू’ या जुन्या दफ्तरी शब्दातही तोच ‘रू’ दोनदा आला आहे. ‘माल’ हा घटक ‘मालिश’ या शब्दात चोळण्याच्या मूळ अर्थाने टिकला आहे, तर ‘पायमल्ली’ या शब्दात पायाखाली तुडवणे या अर्थाने. अब्रू आणि पायमल्ली हे आज परस्परविरोधी वाटणारे शब्द. त्यांतील एकेक अंश रुमाल या साध्या शब्दात एकत्र आलेला आहे.

फारसीत ‘दस्तमाल’ असाही शब्द आहे. ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तमाल म्हणजे हात पुसण्याचे कापड. आजच्या इराणमध्ये हातरुमालाला सामान्यतः दस्तमाल असेच म्हणतात. भारतात मात्र रुमाल हा शब्द रुळला आणि हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत पसरला.

लेखन व व्याकरण

मूळ फारसी शब्दात ‘रू’ दीर्घ आहे आणि हिंदीत ‘रूमाल’ असे दीर्घ उकाराने लिहितात. मराठीत ‘रुमाल’ असे ऱ्हस्व उकाराने लिहितात. तत्सम नसलेल्या शब्दांतील उपान्त्य अक्षराच्या आधीचे इकार-उकार मराठीत सामान्यतः ऱ्हस्व लिहिले जातात. त्यानुसार फारसी ‘दीवान’चे मराठीत ‘दिवाण’ झाले आणि ‘बीमार’चे ‘बिमार’. रुमाल हे त्याच जातीचे रूप आहे. मराठी लेखनात ‘रूमाल’ आढळल्यास तो सहसा हिंदीच्या लेखनाचा प्रभाव असतो.

हा शब्द पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचन ‘रुमाल’ असेच राहते: तो रुमाल, ते रुमाल. सामान्यरूप ‘रुमाला-’ असे होते: रुमालाने, रुमालात, रुमालाची घडी. ‘हातरुमाल’ हा सामासिक शब्द आणि ‘रुमाली’ हे विशेषण यापासून तयार झाले आहे. अतिशय पातळ व घडी घालता येणाऱ्या पोळीला ‘रुमाली रोटी’ म्हणतात, ते या साम्यावरूनच.

मराठीत आगमन

चौदाव्या शतकापासून दख्खनमध्ये बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि पुढे आसफजाही अशा सत्ता होत्या. त्यांच्या कारभारात फारसीचा वापर होता. न्याय, महसूल, लष्कर या क्षेत्रांप्रमाणेच पोशाखाच्या क्षेत्रातही फारसी-अरबी शब्द मराठीत मोठ्या संख्येने आले. पायजमा (‘पाय’ व ‘जामा’ म्हणजे वस्त्र) आणि सदरा (अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती) ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

बीड जिल्ह्याचा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. हैदराबाद संस्थानात आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे या प्रदेशातील मराठीचा फारसी-उर्दू व दखनी यांच्याशी असलेला संपर्क पुणे-मुंबईकडील मराठीच्या तुलनेत अधिक काळ टिकला. रुमाल आणि पुढे येणारा ‘दस्ती’ या शब्दांची येथील वाटणी समजून घेण्यास ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

अर्थ

डोक्याचा रुमाल

बीड, परळी, केज, माजलगाव, गेवराई या भागांत जुन्या पिढीतील पुरुषाच्या पोशाखाचे वर्णन धोतर, सदरा किंवा बंडी आणि डोक्याला रुमाल असे केले जाते. हा रुमाल म्हणजे खिशात मावणारा तुकडा नव्हे. ते न शिवलेले, मोठे, बहुधा पांढरे चौकोनी सुती कापड असते. ते कोनाकोनाने दुमडून त्याची पट्टी करतात, किंवा त्याला सैल पीळ देतात, आणि डोक्याभोवती गुंडाळून टोक खोचतात. ब्रिटिश काळातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांतही पुरुषांच्या शिरोवस्त्रांत पागोट्याबरोबर रुमालाचा वेगळा उल्लेख येतो. म्हणजे हा अर्थ केवळ मराठवाड्यापुरता नव्हता. मराठवाड्यात तो अधिक काळ बोलण्यात राहिला, एवढेच.

अर्थ तोंडावरून डोक्यावर कसा गेला, याचे उत्तर त्या कापडाच्या वापरात आहे. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे कापड उन्हापासून संरक्षण करते. तेच सोडून घाम पुसता येतो, भाकरी बांधता येते, बांधावर अंथरून बसता येते, ओझे उचलताना त्याचीच चुंबळ करता येते. एकच कापड अनेक कामे करीत असले म्हणजे त्याचे नाव एका कामाशी बांधलेले राहत नाही. तोंड पुसणे हा मूळ अर्थ मागे पडतो आणि ‘न शिवलेले चौकोनी कापड’ एवढाच सामान्य अर्थ उरतो. मग ते कापड दिवसाचा बहुतेक वेळ जेथे असते, त्या जागेवरून त्याची ओळख ठरते. शेतकऱ्याचा रुमाल दिवसभर डोक्यावर असे. म्हणून रुमाल म्हणजे डोक्याचे वस्त्र.

डोक्याच्या वस्त्राला ग्रामीण समाजात प्रतिष्ठेचे स्थान होते. बोडक्या डोक्याने चारचौघांत वावरणे जुन्या पिढीला कमीपणाचे वाटे. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर दुखवट्याच्या दिवसांच्या अखेरीस सोयरे मुलाच्या डोक्याला वस्त्र बांधतात; घराची जबाबदारी आता त्याच्याकडे आली, असा त्याचा अर्थ असतो. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाने डोईचे पागोटे व्याह्याच्या पायावर ठेवणे, ही याचनेची अखेरची पायरी समजली जाई. ज्या समाजात डोक्यावरचे कापड म्हणजे माणसाची पत, तेथे हुंड्यापायी ते कापड खाली उतरत असे, ही गोष्ट या वस्त्राच्या इतिहासातून वगळता येत नाही.

मुस्लिम समाजातही रुमाल खांद्यावर घेण्याची व डोक्याला बांधण्याची रीत आहे. चौकड्यांच्या मोठ्या रुमालाला ‘अरबी रुमाल’ असे म्हणतात. रुमाल हे वस्त्र आणि तो शब्द या दोन्ही बाबतींत मराठवाड्यातील हिंदू व मुस्लिम समाजांचा व्यवहार बराचसा समाईक राहिला आहे.

हातरुमाल आणि दस्ती

खिशातल्या लहान कापडाला प्रमाण मराठीत ‘हातरुमाल’ असा शब्द आहे. हा समास अर्थाच्या इतिहासाचा पुरावाच म्हणता येईल. नुसता रुमाल हा हातात धरण्याइतकाच लहान असता, तर त्याच्यामागे ‘हात’ लावण्याची गरज पडली नसती. मोठ्या रुमालापासून लहान रुमाल वेगळा दाखवण्यासाठी हे विशेषण जोडावे लागले. पुढे मोठा रुमाल व्यवहारातून कमी झाला आणि लहानालाच नुसते रुमाल म्हटले जाऊ लागले.

मराठवाड्यात हीच गरज वेगळ्या रीतीने भागली. बीडसह अनेक जिल्ह्यांत खिशातल्या रुमालाला ‘दस्ती’ म्हणतात. हा शब्द ‘दस्त’ म्हणजे हात यावरून आलेला असून हैदराबादच्या दखनीत आणि तेलंगणातील तेलुगूतही याच अर्थाने प्रचलित आहे. रुमाल डोक्याला आणि दस्ती हाताला, अशी येथे शब्दांची स्वच्छ वाटणी झाली. न्यायालयीन भाषेत पक्षकाराच्या हातीच दिलेल्या समन्सला ‘दस्ती समन्स’ म्हणतात. तेथेही मूळ अर्थ ‘हातचे, हातोहात दिलेले’ असाच आहे. मात्र दस्तऐवज या अर्थाचा ‘दस्त’ आणि खिशातली ‘दस्ती’ यांचा वापर इतका भिन्न आहे की बोलताना घोटाळा होत नाही.

शाळेत प्रमाण मराठी शिकणारी मुले दस्तीऐवजी रुमाल म्हणू लागतात. त्यामुळे एकाच घरात आजोबांचा रुमाल डोक्यावर आणि नातवाचा खिशात, असे दोन अर्थ काही काळ शेजारी नांदतात. दस्ती हा शब्द अशुद्ध किंवा गावंढळ नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हाताच्या कापडाला तो रुमालापेक्षाही अधिक जवळचा आहे.

दप्तराचा रुमाल

जुने कागद सुरक्षित राहावेत म्हणून ते एकावर एक रचून जाड सुती चौकोनी कापडात बांधत. या कापडालाही रुमाल म्हणत. पुढे त्यात बांधलेल्या संपूर्ण गठ्ठ्याला रुमाल हे नाव पडले आणि तो कागदपत्रे मोजण्याचा एकक झाला. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराची मांडणी अशा रुमालांत आहे. त्यातील कागद बहुतांशी मोडी लिपीत आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत संपादित केले. इतिहासाच्या ग्रंथांतील तळटिपांमध्ये ‘रुमाल क्रमांक’ असा उल्लेख येतो, तो याच गठ्ठ्याचा असतो.

या अर्थाच्या आसपासचे दोन शब्दही येथे पाहण्यासारखे आहेत. ‘दफ्तर’ किंवा ‘दप्तर’ हा शब्द फारसीतून आला असला तरी त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचा अर्थ कातडे असा होता. कातड्यावर लिहीत, म्हणून लेख आणि लेखांचा संग्रह. शाळकरी मुलांचे दप्तर हे त्याचेच रूप. दुसरा शब्द ‘बस्ता’. फारसीत ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले. कचेरीत बस्ता म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा. लग्नाच्या घरी बस्ता म्हणजे नवरा-नवरी व सोयऱ्यांसाठी खरेदी करून बांधून आणलेली कापडे. एका ठिकाणी कापडाने कागद बांधले जातात, दुसऱ्या ठिकाणी कापडच बांधले जाते. शब्द मात्र एकच.

जुनी दप्तरे ही केवळ अभ्यासकांची बाब नव्हे, याचा प्रत्यय मराठवाड्याला अलीकडे आला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीडसह मराठवाड्यातील जिल्ह्यांत महसूल व भूमी अभिलेखांच्या निजामकालीन नोंदी तपासण्यात आल्या आणि मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्यांची आवश्यकता भासली. अनेक वर्षे न उघडलेल्या गठ्ठ्यांतील एखाद्या ओळीवर कुटुंबाचा हक्क ठरू शकतो, म्हणून ते बांधून जपणाऱ्या साध्या कापडाचेही महत्त्व आहे.

कागदाला जपणारे कापड जसे बीड जिल्ह्याला ठाऊक आहे, तसे स्वतःच ग्रंथ झालेले कापडही. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिला. तो ‘दासोपंतांची पासोडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाड वस्त्र. रुमाल आणि पासोडी हे दोन्ही शब्द वस्त्राचे, आणि दोन्ही लेखनाच्या इतिहासात जाऊन बसलेले आहेत.

विणलेला रुमाल

घरगुती व्यवहारात ताटावर झाकण्याच्या, पाटावर घालण्याच्या, तसेच रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संचावर शोभेसाठी पसरण्याच्या कापडालाही रुमाल म्हणतात. क्रोशाच्या सुईने विणलेले किंवा भरतकाम केलेले असे रुमाल लग्नाच्या रुखवतात मांडले जातात. डोक्याचा रुमाल हा पुरुषाच्या पोशाखाचा भाग, तर विणलेला रुमाल ही स्त्रीच्या हातची कला. स्त्रियांच्या पोशाखात डोके झाकण्याचे काम पदर करीत असल्याने तेथे रुमाल या शब्दाला वाव मिळाला नाही.

इतर चौरस वस्त्रे

भारताच्या अन्य भागांतही हा शब्द चौरस वस्त्राच्या अर्थाने आढळतो. काश्मिरी शालींत चौरस शालीला रुमाल म्हणत. हिमाचल प्रदेशातील चंबा येथील भरतकामाचे रुमाल दोन्ही बाजूंनी सारखे दिसणाऱ्या टाक्यांसाठी प्रसिद्ध आहेत. आंध्र प्रदेशातील चिराला आणि तेलंगणातील पुट्टपाका येथे ‘तेलिया रुमाल’ विणतात. यासाठी सुताला तेल व क्षार यांची प्रक्रिया देऊन ते बांधून रंगवतात. लाल, काळा आणि पांढरा हे त्याचे मुख्य रंग. पुट्टपाका हे गाव जुन्या हैदराबाद संस्थानातले. तेलिया रुमालाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे रुमाल डोक्याला बांधण्यासाठी वापरले जात आणि अरब देशांतही निर्यात होत. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारामुळे ‘रोमाल’ या रूपाने हा शब्द इंग्रजीतही गेला.

शीख धर्मात गुरू ग्रंथसाहिबावर घालण्याच्या वस्त्राला ‘रुमाला’ म्हणतात. मराठवाड्यातील नांदेड येथील तख्त सचखंड हुजूरसाहिबमुळे हे रूपही या प्रदेशाला परिचित आहे.

जवळच्या शब्दांशी तुलना

डोक्याच्या वस्त्रांची मराठीतील नावे बोलताना एकमेकांच्या जागी येत असली, तरी त्यांत भेद आहे. पगडी एकदा घडवून तयार ठेवलेली असते. ती टोपीप्रमाणे घालतात व काढतात. पागोटे, पटका आणि फेटा ही लांब पट्टीच्या आकाराची वस्त्रे आहेत. फेटा ऐटीने, बहुधा शेमला सोडून बांधतात. समारंभात पाहुण्यांना बांधला जातो तो फेटा. मुंडासे या शब्दात ‘मुंड’ म्हणजे डोके आहे आणि त्यातून सैल, घाईने गुंडाळलेल्या वस्त्राचा बोध होतो. उपरणे खांद्यावर घेण्याचे असते. या सर्वांत रुमालाचे वेगळेपण त्याच्या चौकोनी आकारात आणि बहुविध उपयोगात आहे. फेटा उतरवून त्यात भाकरी बांधणे कोणास शोभणार नाही. रुमालाच्या बाबतीत ते स्वाभाविक आहे.

मराठवाड्यातील लग्नांत आहेर म्हणून दिल्या जाणाऱ्या ‘टॉवेल-टोपी’मध्ये जुन्या रुमालाची जागा आता दोन वस्तूंनी घेतलेली दिसते. डोके झाकण्याचे काम टोपीकडे गेले आणि पुसण्याचे टॉवेलकडे.

वाक्प्रचार व लोकव्यवहार

‘रुमाल टाकणे’ हा मराठीतील तुलनेने नवा वाक्प्रचार आहे. गर्दीच्या एसटी गाडीत शिरण्याआधीच खिडकीतून आसनावर रुमाल टाकून जागा धरण्याच्या सवयीतून तो आला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्यामुळे या वाक्प्रचाराचे वय त्यापेक्षा अधिक असू शकत नाही. आज पदावर किंवा उमेदवारीवर आधीच हक्क सांगून ठेवणे या लाक्षणिक अर्थाने तो राजकीय बातम्यांत वापरला जातो. ज्या कापडाने कधीकाळी डोक्यावर राहून माणसाची पत दाखवली, ते येथे माणसाच्या गैरहजेरीत त्याचा हक्क दाखवते.

जनावरांच्या बाजारात रुमालाचा आणखी एक उपयोग आहे. बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या आठवडी बाजारांच्या परंपरेत व्यापारी व दलाल रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटांच्या खुणांनी किंमत ठरवतात. कोणते बोट किती रकमेचे, हे दोघांना ठाऊक असते. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. शेतमालाच्या व्यवहारात या रीतीला ‘हत्ता’ म्हणतात. हिच्यामुळे घासाघीस चारचौघांत उघड होत नाही, ही तिची सोय. पण ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्यालाच खरा भाव कळू नये, हा तिचा दोष. बाजार समित्यांमध्ये खुल्या लिलावाचा आग्रह धरला गेला, तो या दोषामुळेच.

रुमालाला एक काळी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना गाठून मारणारे ठग गळा आवळण्यासाठी रुमाल वापरीत, असे विल्यम स्लीमन यांच्या काळातील चौकशीतून पुढे आले. हैदराबाद संस्थानात सेवेत असलेले आणि पुढे नळदुर्ग भागाचा कारभार पाहिलेले फिलिप मेडोज टेलर यांनी या विषयावर ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) ही कादंबरी लिहिली. तिच्यामुळे ठगांचा रुमाल पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचला.

मुलांच्या खेळांतही रुमाल आहे. गोलात बसलेल्या मुलांपैकी एकाच्या मागे गुपचूप रुमाल टाकण्याच्या खेळात तो हरवलेल्या पत्राचे काम करतो, तर आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधण्याचे.

अर्थाची आजची स्थिती

डोक्याला रुमाल बांधणाऱ्या पुरुषांची पिढी आता वृद्ध आहे. तरुण पिढीने प्रथम टोपी आणि नंतर मोकळे डोके स्वीकारले. ऊसतोडीसाठी दरवर्षी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या बीडच्या कामगारांत डोक्याला कापड गुंडाळण्याची गरज अद्याप आहे, कारण उसाची मोळी डोक्यावरून वाहावी लागते. परंतु तेथेही टॉवेल किंवा जुन्या कापडाची चुंबळ वापरली जाते आणि त्याला रुमाल म्हटले जाईलच असे नाही. वस्तू राहिली तरी शब्द सरकतो, याचे हे उदाहरण होय.

या बदलाचा परिणाम वाचनावर होतो. ‘म्हातारा रुमाल सोडून ओसरीवर बसला’ किंवा ‘त्यांनी रुमाल बांधला आणि बाहेर पडले’ अशी वाक्ये ग्रामीण कथनात आली, तर केवळ हातरुमाल माहीत असलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा अर्थ लागत नाही. किंवा चुकीचा लागतो आणि तो चुकला आहे हेही कळत नाही. ‘रुमाल क्रमांक’ या तळटिपेबाबतही तसेच होते. अनोळखी शब्द वाचकाला शब्दकोशाकडे नेतो. ओळखीचा वाटणारा शब्द नेत नाही. म्हणून बदललेल्या अर्थाचे परिचित शब्द हे अप्रचलित शब्दांपेक्षा अधिक फसवे ठरतात. अशा ठिकाणी वाक्यातील क्रियापद मदत करते. बांधणे व सोडणे ही क्रियापदे माणसाच्या संदर्भात असतील तर रुमाल डोक्याचा, कागदांच्या संदर्भात असतील तर दप्तराचा. पुसणे, काढणे, खिशात ठेवणे ही असतील तर हाताचा.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत मुखपट्टी हाताशी नसलेल्यांनी नाका-तोंडाला रुमाल बांधला. ‘रू’ म्हणजे चेहरा. डोके, खिसा, दप्तर, ताट आणि एसटीचे आसन असा प्रवास केलेले हे कापड त्या काळात पुन्हा आपल्या नावातील मूळ जागी, चेहऱ्यावर आले होते. मात्र तोंड पुसण्यासाठी नव्हे, तर झाकण्यासाठी.